क्विक चेंज पोस्ट, बी ३०४

रंगराव दांगटांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज अठ्ठावीस शब्दांचा होता आणि त्यात नेमका एक शब्द कमी पडला. पुढचं सगळं महाभारत त्या एका शब्दापायी घडलं.

शब्द वाचवायची खोड त्यांना नोकरीने लावली होती. चौतीस वर्षं टपालात काढलेला माणूस. तारा होत्या त्या काळात, खिडकीशी आलेल्याचा मजकूर कापून देणं हे ते आपलं धर्मकार्य समजत. ‘आईची तब्येत अचानक फार बिघडली आहे तरी ताबडतोब निघून यावे’ असं कोणी लिहून आणलं की रंगराव पेन्सिलीने खाडाखोड करून ‘आई आजारी ये’ एवढंच ठेवत आणि समोरच्याकडे समाधानाने बघत. एकदा एका गृहस्थाने ‘मुलगी झाली दोघी सुखरूप’ अशी तार आणली. त्यातलं ‘सुखरूप’ रंगरावांनी अनावश्यक म्हणून काढलं. पलीकडच्या आजोळी ‘मुलगी झाली दोघी’ वाचून दोन पाळणे आणले गेले, असं नंतर कळलं. पण त्यावरूनही ते काही शिकले नाहीत.

निवृत्त झाल्यावर काही जण योगासनं करतात, काही जण टेकडीवर जातात आणि बाकीचे टेकडीवर जाण्याबद्दल बोलतात. रंगरावांनी धातू कातायचं लेथ घेतलं. छंदाचं, लहानसं, शिवणयंत्राहून जरा मोठं, दोन माणसांनी उचलावं एवढ्या वजनाचं. लोणी काळभोरच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनंच घेतलं. वारज्याच्या ‘सोनचाफा’ सोसायटीत, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, ते तीन दिवस हॉलमध्ये टीव्हीच्या जागी राहिलं. चौथ्या दिवशी पितळेचा एक वळलेला तुकडा शालूताईंच्या टाचेत गेला. रंगरावांच्या पत्नी मोजकं बोलणाऱ्या. “घरात हे राहील नाहीतर मी,” त्या म्हणाल्या आणि पुढे, “विचार करायला वेळ घेताय, ते दिसतंय मला.”

तेव्हा सोसायटीचे चेअरमन संभाजीराव धुमाळ मदतीला धावले होते. ही सगळी जमीन मुळात त्यांची. बिल्डिंग झाली तेव्हा मोबदल्यात चार फ्लॅट आणि न मागता चेअरमनपद, असा त्यांचा हिशेब बसला होता. पंपाच्या शेजारची सायकलखोली त्यांनी उभ्या उभ्या देऊन टाकली. “सायकल कोन चालवतंय आता? ठेवा की तितं!” कागद नाही, सही नाही. म्हणजे लेथला या जगात दोनच जागा होत्या, एक ती सायकलखोली आणि दुसरी परत लोणी काळभोर. लेथ गेलं असतं तर रंगरावांकडे दिवसभर करण्यासारखं टेकडीबद्दल बोलणं तेवढं उरलं असतं.

आता त्या लेथवर त्यांनी काय केलं, असं विचाराल तर पेपरवेट. करायला घेतलेल्या वस्तू वेगवेगळ्या होत्या. भोवरा, दाराची मूठ, देव्हाऱ्याचा कळस. पण शेवटी सगळ्याचा पेपरवेट होई. दोष हातात नव्हता, निदान रंगरावांच्या मते नव्हता. दोष टूल पोस्टचा होता. फिरणाऱ्या पितळेला कापणारं जे हत्यार असतं, ते ज्या लोखंडी ठोकळ्यात घट्ट धरतात ती टूल पोस्ट. हत्याराचं टोक पितळेच्या बरोबर मध्यबिंदूच्या उंचीला यावं लागतं. जरा खाली राहिलं की मधोमध एक बारीक बोंडूक शिल्लक राहतं आणि माणसाकडे बघून हसतं. रंगरावांची पोस्ट जुन्या पद्धतीची. हत्यार बदललं की उंची बदलली, की खाली पातळ पुठ्ठे सारा. पुठ्ठे म्हणजे पोस्टकार्डं, ती त्यांच्याकडे रग्गड होती. एक घातलं की कमी आणि दोन घातली की जास्त. यात सकाळ जाई.

मग एके दिवशी मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा परदेशी म्हाताऱ्याला क्विक चेंज टूल पोस्ट वापरताना पाहिलं. दांडा फिरवला, जुनं हत्यार सुटलं. नवं सरकवलं, दांडा फिरवला, बसलं. उंची आधीच लावलेली. म्हातारा मग शीळ घालत कॉफी प्यायला गेला. रंगरावांनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. अशा पोस्टमध्ये दोन जाती असतात, आतून पाचरीने ओढून धरणारी आणि पिस्टनने दाबून धरणारी, हेही त्यांना कळलं. आता कोणती घ्यावी? सोसायटीत इंजिनिअर तर पाण्यासारखे वाहत होते. त्यांनी ग्रुपवर लिहिलं:

‘नमस्कार. मला क्विक चेंज पोस्ट हवी आहे. सध्याची पोस्ट जुनी, डगमगती. दर वेळी खाली पुठ्ठे घालून उंची वाढवावी लागते. पाचर की पिस्टन? अनुभवींनी मार्गदर्शन करावे. दांगट, बी ३०४.’

‘टूल’ हा शब्द त्यांनी लिहिला होता. मग अनावश्यक म्हणून काढला.

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे सोसायटीच्या कमिटीची निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. दुसरी म्हणजे संभाजीराव धुमाळ अंगाने भरभक्कम असले तरी उंचीने बेताचे होते आणि सभेत टेबलावरून नीट दिसावं म्हणून खुर्चीवर सतरंजीची घडी घालून बसत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि अकरा वर्षांत कोणी त्याचा उच्चार केला नव्हता. पुण्यात माणूस तोंडावर काहीही बोलेल, पण अशी लेखी नोंद सहसा करत नाही.

दुपारपर्यंत मेसेजवर बेचाळीस अंगठे उमटले. ए विंगमधला पियुष, आयटीवाला, त्याने लिहिलं, ‘फायनली!! काका फुल सपोर्ट.’ निवृत्त मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी लिहिलं, ‘कोणीतरी बोललं.’ सोसायटीत यंत्रकामाची एवढी आवड असेल असं रंगरावांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते दिवसभर हवेत होते.

संध्याकाळी पियुष आणि दुर्गाबाई घरी आले.

“काका, क्विक चेंज! एक नंबर! हेच पाहिजे होतं.”

“तुला यातलं कळतं?” रंगरावांना भरून आलं.

“कळतं म्हणजे? तीन वर्षं सहन करतोय.”

“तुझ्याकडेही जुनीच आहे?”

“काका, सगळ्यांकडे तीच आहे.”

बिल्डिंगमध्ये एकूण किती लेथ असावीत याचा अंदाज बांधत रंगरावांनी मूळ प्रश्न काढला. “मग पाचर की पिस्टन?”

“पिस्टन म्हणजे पाण्याच्या पंपाचा मुद्दा,” दुर्गाबाई म्हणाल्या. “तो शिळा झाला. पाचरच मारा.”

“मीही तेच वाचलं. पाचर आतून धरते. एकदा बसली की हलायचं नाव नाही.”

“मारायची कुठे पण?” पियुष पुढे सरकला. “ए विंग आणि सी विंगच्या मध्ये?”

“मध्येच बसते ती,” रंगराव म्हणाले. “वरून नुसता दांडा फिरवायचा. जुनं बाहेर, नवं आत. दहा सेकंदांचं काम.”

दुर्गाबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. “दांगट, मी तुम्हाला आजवर पोस्टाचं पाकीट समजत होते.”

“म्हणजे?”

“बंद.”

पाहुणे गेल्यावर शालूताई कप उचलता उचलता म्हणाल्या, “अहो, ते दोघं काहीतरी वेगळंच बोलत होते.”

“तुला यंत्रातलं काय कळतंय?” रंगराव म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये संभाजीराव भेटले. त्यांनी मेसेज तीनदा वाचला होता, तिसऱ्यांदा उभं राहून.

“काय पोस्टमास्तर, पोस्ट पायजेल म्हनं तुमाला?”

“हो. तुमच्या कानावर आलं वाटतं.”

“समद्या बिल्डिंगीच्या आलंय. आत्ताची जुनी झाली व्हय?”

“जुनी काय, तिच्यात पहिल्यापासूनच दम नव्हता,” रंगराव मोकळेपणाने म्हणाले. “नुसती एका बोल्टावर उभी. जरा जोर आला की मान टाकते.”

संभाजीरावांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. “अकरा वर्सं हाय ती.”

“असेल, मी आधीचा हिशेब विचारला नाही. म्हणून तर बदलायची.”

“आन जुनीचं काय करनार?”

“भंगारात. नाहीतर दाराला टेकू म्हणून ठेवू.”

संभाजीराव जिना चढून गेले, लिफ्ट खाली उभी असताना. खरं सांगायचं तर त्यांना राग कमी आला होता, वाईट जास्त वाटलं होतं. ज्या माणसाला आपण एका शब्दावर खोली दिली, त्याने आपल्याला दाराचा टेकू म्हणावं? पुढच्या आठवड्यात सायकलखोलीतला दिवा गेला. मग प्लगवर ‘दुरुस्ती चालू’ अशी चिठ्ठी आली, आणि दुरुस्ती काही चालू झाली नाही. वॉचमन संपत रोज दाराशी वही घेऊन बसू लागला. “सायेब म्हनले, कोन कोन येतंय ते लिवून ठेव.” रंगरावांना वाटलं, चेअरमन आपल्या लेथच्या सुरक्षेची किती काळजी घेतायत. त्यांनी ग्रुपवर जाहीर आभारही मानले. त्या आभारांत संभाजीरावांना जे काही दिसलं, त्याने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

इकडे रंगराव पोस्ट निवडण्यात बुडाले होते. नारायण पेठेत एका बोळात माऊलींचं टर्नरचं दुकान होतं. पूर्वी आसपासच्या छापखान्यांचे रूळ तिथे दुरुस्तीला येत. माऊली हे त्यांचं खरं नाव की लोकांनी ठेवलेलं, हे कोणाला माहीत नव्हतं. स्वभावावरून ठेवलेलं नक्कीच नव्हतं. रंगरावांनी लेथवरची उंची पुठ्ठा कापून बरोबर नेली होती. माऊलींनी पुठ्ठा पट्टीला लावला.

“नऊ सूत. भोसरीत एक जण बनवतो, त्याला उंची सांगा, पाठवेल. पाचरवालीच घ्या. पिस्टनवाली ढिली पडते.”

“का बरं?”

“ढिली पडते म्हणून.”

सूत म्हणजे किती, हे विचारायचं रंगरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चौतीस वर्षं लोक त्यांना विचारत आले होते. खिडकीच्या अलीकडून विचारायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी जाणत्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन शालूताईंना आडून विचारलं. “सूत म्हणजे दोरा,” त्या म्हणाल्या, “आणि मला यंत्रातलं काही कळत नाही.” जिन्यात दुर्गाबाई भेटल्या, त्यांना विचारलं. “सूत जुळायचं वय गेलं आपलं, दांगट.” शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं की ग्रॅम, मीटर सगळं दशमानात चालतं, तर इंचातही दहाच सूत असणार. भोसरीवाल्याला त्यांनी तेवीस मिलिमीटर कळवलं, तेही एका ओळीत.

पार्सल आलं. शालूताईंकडून लांब वायर मागून घेऊन आणि बॅटरी तोंडात धरून रंगरावांनी पोस्ट बसवली. दांडा फिरवला. हत्यार खट्‌दिशी बसलं, इतकं सुरेख की त्यांच्या अंगावर काटा आला. मग टोक बघितलं तर ते मध्यबिंदूच्या पावणेदोन सूत खाली. अर्थात ते पावणेदोन सूत होतं हे त्यांना नंतर कळलं, त्या वेळी फक्त खाली आहे एवढंच दिसलं. क्विक चेंज पोस्टखाली त्यांनी सव्वीस पोस्टकार्डं घातली. लेथ सुरू झालं तशी ती एकेक करून बाहेर यायला लागली. संपतने वहीत लिहिलं, ‘आतून पत्रे वाटप चालू.’ वहीचं ते पान त्याच दिवशी चेअरमनकडे गेलं.

रविवारी सकाळी रंगराव पोस्ट पिशवीत घालून पुन्हा नारायण पेठेत गेले. माऊलींनीच फोनवर सांगितलं होतं, रविवारी या, गिऱ्हाईक नसतं, निवांत बोलता येतं. निवांत बोलणं असं झालं.

“इंचाला आठ सूत. दहा कुठल्या गावात असतात?”

“मला वाटलं दहा.”

“विचारायचं.”

“विचारणार होतो.”

“मग?”

माऊलींनी फळीवरून मोठ्या मापाची पोस्ट काढली. भोसरीवाल्याकडून त्यांनी ती आधीच मागवून ठेवली होती. रंगरावांची मान त्या दिवशी फार जाणत्यासारखी डोलली होती, त्यावरूनच त्यांना संशय आला होता म्हणे. चुकीच्या मापाची परत घेतली, ही दिली. रंगरावांनी ती हातात धरली. चौकोनी, काळसर, तेलाने चमकणारी. शालूताईंशी लग्न ठरलं त्या दिवसानंतर इतकं हलकं त्यांना वाटलं नव्हतं.

सोसायटीच्या गेटवर संपतने सलाम ठोकला. आत मांडव नव्हता, पण गर्दी होती. पियुषने पुढे होऊन रंगरावांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

“अभिनंदन काका! मिळाली पोस्ट!”

रंगराव थक्क झाले. “तुम्हाला कसं कळलं? माऊलींचा फोन आला होता?”

“बिनविरोध!”

“विरोध कशाला करतील? बदलून दिली त्यांनी. चूक माझीच होती.”

“दांगट,” दुर्गाबाई म्हणाल्या, “दोन शब्द बोला.”

“बोलतो काय, दाखवतोच,” असं म्हणून रंगरावांनी पिशवीतून पोस्ट बाहेर काढली. “ही बघा. क्विक चेंज. पाचरवाली.” त्यांनी दांडा फिरवला, पकड सोडवली, परत बसवली. दहा सेकंदांहून जास्त लागले नाहीत. पण टाळी कोणीच वाजवली नाही.

“हे काय आहे?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“पोस्ट.”

गर्दीतून संभाजीराव पुढे आले. त्यांनी तो ठोकळा हातात घेतला आणि वजन करून पाहिलं.

“पुठ्ठे ह्याच्या खाली घालता व्हय?”

“हो. पोस्टकार्डं.”

“ह्याच्या?”

“मग आणखी कशाच्या घालणार?”

संभाजीराव मटकन पायरीवर बसले आणि हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं त्या हसण्यात निघालं. पियुषला कधी कळलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. रंगरावांना सगळ्यात शेवटी कळलं, आणि कळल्यावर गळ्यातला हार काढावा की राहू द्यावा हे मात्र कळेना.

झालं होतं असं. त्या सकाळच्या निवडणुकीच्या सभेत चेअरमन म्हणून संभाजीरावच राहिले, कारण समोरासमोर हात वर करायची वेळ आल्यावर क्रांतिकारकांपैकी बरेच जण मोबाइल बघत होते. सेक्रेटरी व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण त्यात काम असतं. मग दुर्गाबाईंनी रंगरावांचं नाव सुचवलं. उमेदवाराची लेखी संमती लागते, असं कोणी म्हणालं, तेव्हा पियुषने मेसेज दाखवला. ‘मला पोस्ट हवी आहे. दांगट, बी ३०४.’ यापेक्षा लेखी काय असतं? त्याचा स्क्रीनशॉट काढून इतिवृत्ताला जोडण्यात आला. “पायजे व्हती ना पोस्ट?” संभाजीराव म्हणाले होते. “घ्या!”

“पण ती ही नव्हे!” रंगराव म्हणाले.

“ठराव झाला आहे,” दुर्गाबाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी पूर्ण वाक्य लिहीत चला.”

ठराव एकच नव्हता. घरी इतिवृत्त वाचताना रंगरावांना दुसरा सापडला. सोसायटीच्या सामाईक जागेतल्या सर्व खाजगी वस्तू पंधरा दिवसांत हलवाव्यात, सेक्रेटरींनी तशा नोटिसा काढाव्यात. सोबत दुर्गाबाईंच्या टपोऱ्या अक्षरात आठ नावांची यादी. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं, जिन्यातल्या कुंड्या. मग संभाजीरावांची जिन्याखालची कांद्याची पोती, पियुषची व्यायामाची सायकल, असं करत करत आठवं: ‘सायकलखोलीतील एक यंत्र. बी ३०४.’

रंगरावांनी आठवं नाव पुन्हा वाचलं. शालूताई समोरून दोनदा गेल्या.

मंगळवारी सकाळी संभाजीराव घरी आले. त्यांचा राग केव्हाच गेला होता आणि त्या जागी अपराधीपणा आला होता. सोबत इतिवृत्ताची जुनी वही होती.

“ह्ये बगा पोस्टमास्तर. दोन वर्सांमागच्या सभेत खाली चार बोटं जागा मोकळी हाय. तितं लिवा, बी ३०४ ला सायकलखोली वापरायला परवानगी. मी सही ठोकतो. खोटं काय त्यात? मी दिलीच व्हती की तोंडी.”

“परवानगी खरी आहे,” रंगराव म्हणाले. “तारीख खोटी पडेल.”

“तारीख कोन बगतंय?”

आता हे रंगराव दांगटांना विचारणं म्हणजे फारच झालं. चौतीस वर्षं रोज सकाळी ऑफिस उघडलं की शिक्क्यातला आकडा ते स्वतःच्या हाताने बदलत. शिपायाला हात लावू देत नसत. एका वकिलाने एकदा कालच्या शिक्क्यासाठी त्यांच्यापुढे हात जोडले होते, तेव्हा रंगरावांनीही त्याला हात जोडले होते आणि शिक्का आजचाच मारला होता. नोकरीत त्यांनी मोठं असं काही केलं नाही, हे ते स्वतःही जाणून होते. पण त्यांच्या खिडकीतून कालची तारीख कधी बाहेर पडली नव्हती, आणि मनातल्या मनात त्यांना याचा भारी अभिमान होता.

“मग खास सभा घ्या,” संभाजीराव म्हणाले. “नवा ठराव करू.”

“सेक्रेटरीने आपल्याच सोयीसाठी सभा बोलवायची? बाकीच्या सातांनी काय घोडं मारलंय?”

संभाजीराव वही घेऊन उठले. दारात थांबून म्हणाले, “लई अवघड मानूस हाय तुमी.” पण ते रागाने म्हणाले नाहीत.

रंगराव खाली सायकलखोलीत गेले. दिवा आता लागत होता, प्लगही चालू झाला होता. नवी पोस्ट त्यांनी बसवली, पितळेचा तुकडा लावला आणि एक हलकी काप घेतली. टोक बरोबर मध्याला आलं. पितळेचा चेहरा आरशासारखा निघाला, मधोमध बोंडूक नाही, काही नाही. पोस्टकार्ड एकही लागलं नाही. इतका आनंद आणि इतकं वाईट एकदम वाटण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी लेथ बंद केलं, पुसलं आणि बाहेर येऊन लोणी काळभोरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, रविवारी टेम्पो पाठवतो. मग रंगराव नोटिसा वाटायला निघाले.

सात नोटिसा दिल्या, सात पोच घेतल्या. दुर्गाबाईंनी नोटिशीतली ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सुधारून सही केली. आठवी बी ३०४. किल्ली खिशात होती, पण सेक्रेटरी दुसऱ्याच्या घरात किल्लीने शिरत नाही. त्यांनी बेल वाजवली.

शालूताईंनी दार उघडलं. हातात डाव होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

“रंगराव दांगट इथेच राहतात का?” रंगरावांनी विचारलं.

शालूताई म्हणाल्या, “राहतात. पण आत्ता घरी नाहीत.”

“त्यांच्या नावाची नोटीस आहे. घरातल्या सज्ञान व्यक्तीने सही केली तरी चालेल.”

त्यांनी डाव काखेत धरला आणि नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली. उंबऱ्याबाहेर रंगराव दोन्ही पाय जुळवून उभे होते.

“तारीख आजचीच घातलीत?”

“आजचीच.”

“धुमाळ मागची घाला म्हणत होते. मी आत ऐकलं.”

“म्हणत होते.”

शालूताईंनी वही घेतली, भिंतीला टेकवून सही केली आणि परत दिली. दार मात्र लावलं नाही.

“सेक्रेटरीसाहेब, एक निरोप द्याल का?”

“कोणाला?”

“आमच्या रंगरावांना.”

छत्तीस वर्षं झाली होती. लग्नातला उखाणा सोडला तर हे नाव त्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ‘अहो’, ‘ऐकलं का’, फार तर ‘घरातले’.

“त्यांना म्हणावं, स्वयंपाकघराच्या मागची बाल्कनी रिकामी करायची आहे. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये सरकवायचंय. मला एकटीला ते हलत नाही. आणि लोणी काळभोरला फोन करून टेम्पो नको म्हणून सांगा. तेही मी ऐकलंय, खिडकीतून.”

“सांगतो,” रंगराव म्हणाले. मग त्यांनी वही काखेत घातली, चपला काढल्या आणि ते आत आले.